डासाचे नाव काय?

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. नाव ऐकून कुणाला टाळ-मृदंग आठवतील. पण इथे उतरणाऱ्याला आधी आठवते ते पाणी. दुसऱ्या महायुद्धात या पट्ट्यात लष्कराचे तळ होते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ साली 'कल्याण कॅम्प'चे उल्हासनगर झाले. वस्ती वाढत रुळांच्या दोन्ही बाजूंनी पसरली. आमच्या चाळीत नळाला पाणी यायचे ते ठरल्या वेळी, आणि ती वेळही बदलायची. त्यामुळे दारोदारी निळे पिंप. आधी पत्र्याचे होते, मग प्लास्टिकचे आले, एवढाच काय तो फरक.

एका पावसाळ्यात हातात बॅटरी घेतलेला एक कर्मचारी आमच्या दारात आला. पिंपाचे झाकण उचलून त्याने आत उजेड पाडला आणि पाणी ओतून द्यायला सांगितले. आईने मागच्या बाजूच्या काळ्याशार नाल्याकडे बोट दाखवले. "अहो भाऊ, तिकडे बघा की आधी. सगळे डास तिथूनच येतात." तो शांतपणे म्हणाला, "मावशी, ते डास वेगळे. डेंग्यूचा डास घाणीत होत नाही. तो तुमच्या पिंपात होतो."

आईला ते पटले नाही. मलाही नाही. संध्याकाळी कानाशी गुणगुणत यायचे ते नाल्यातले डास. दोषी मात्र ठरले आमच्या घरातले प्यायचे पाणी. 'ते डास वेगळे' हे वाक्य मात्र डोक्यात राहिले. हे कुणी ठरवले? कसे ठरवले? अंगावर बसलेल्या हजारो डासांतून नेमका हाच तो, असे म्हणण्याचा अधिकार विज्ञानाला कुठून मिळाला? त्या तीन शब्दांमागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला मोठा भाग आपल्या महाराष्ट्रात घडला आहे.

चुकीच्या डासाची दोन वर्षे

डासाचे नाव चुकले की काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रोनाल्ड रॉस यांचे. १८९५पासून ते हिवतापाच्या रुग्णांना डास चाववून त्या डासांचे विच्छेदन करत होते. हाती काही लागत नव्हते. त्यांची पद्धत बरोबर होती, कष्टही अफाट होते. पण डास चुकीचे होते. करड्या आणि पट्टेदार डासांना, म्हणजे आज आपण ज्यांना क्युलेक्स आणि एडीस म्हणतो त्यांना, माणसाचा हिवताप होतच नाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला ठिपकेदार पंखांच्या एका वेगळ्या डासाच्या जठरात त्यांना हिवतापाच्या परोपजीवीच्या पेशी दिसल्या. तो डास ॲनॉफिलिस होता. कीटकशास्त्रातले शिक्षण रॉस यांच्याकडे नव्हते, डासांची नीट नामावलीही तेव्हा तयार नव्हती. नावाअभावी दोन वर्षे गेली.

विषाणूच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड. हिवतापाचा परोपजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो; विषाणू त्या काळच्या कुठल्याही भिंगाखाली दिसत नव्हता. १८८१ साली क्यूबाच्या कार्लोस फिनले यांनी पीतज्वर एका विशिष्ट घरगुती डासामुळे पसरतो असे मांडले. त्यांनी डास बरोबर ओळखला होता, पण त्यांचे प्रयोग कुणाला पटले नाहीत. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या मंडळाने हवानात ते सिद्ध केले, तेव्हा फिनले यांच्या अपयशाचे कारणही कळले. रुग्णाला चावलेला डास लगेच दुसऱ्याला रोग देऊ शकत नाही. मधे काही दिवस जावे लागतात. फिनले यांनी तेवढी वाट पाहिलीच नव्हती.

त्या डासाला तेव्हा स्टेगोमिया फॅसिआटा म्हणत. आज त्याचे नाव एडीस इजिप्ती. तोच डेंग्यूचा, तोच चिकुनगुन्याचा, तोच झिकाचा. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, पायांवर पांढरे पट्टे, आणि पाठीवर वीणेच्या आकाराची पांढरी नक्षी.

मुंबईच्या विहिरी

डासाच्या नावाने शहराचे रूप कसे बदलते, याचा धडा मुंबईने फार लवकर घेतला. शहरातील हिवतापाच्या चौकशीसाठी आलेल्या डॉ. चार्ल्स बेंटली यांचा अहवाल १९११ साली प्रसिद्ध झाला. हिवताप म्हणजे दलदल, हा तोवरचा समज. बेंटली यांनी बोट ठेवले ते ॲनॉफिलिस स्टीफेन्सी या डासावर, आणि तो दलदलीत नव्हे तर घरांच्या आवारातील विहिरींत आणि टाक्यांत वाढत होता. मग विहिरी बुजवण्याची, झाकण्याची मोहीम निघाली. पारशी, हिंदू अशा अनेकांनी तिला विरोध केला. त्यांच्या दृष्टीने विहिरीचे पाणी हा धर्माचा भाग होता.

हा हिवतापाचा किस्सा, विषाणूचा नव्हे. पण आमच्या दारातल्या पिंपाचा तो पूर्वजच आहे. प्रजातीचे नाव निश्चित झाले की सार्वजनिक गटाराकडचे बोट खासगी पाण्याकडे वळते.

पुण्यातील विषाणू केंद्र

पनामा कालवा १९१४ साली खुला झाला तेव्हापासून भारतातील आरोग्य अधिकाऱ्यांना एक भीती होती. पीतज्वराचा डास इथे घरोघरी आहे, माकडेही आहेत. नाही तो फक्त विषाणू. तो जहाजातून आला तर? आजही आफ्रिकेतून येणाऱ्या प्रवाशाला लशीचा दाखला विचारतात तो याच भीतीपोटी. पीतज्वरावर आयुष्य वेचलेल्या रॉकफेलर फाउंडेशनने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर १९५२ साली पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर सुरू केले. १९७८पासून ती संस्था राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजेच 'एनआयव्ही', या नावाने ओळखली जाते.

सुरुवातीलाच युगांडात वेस्ट नाइल विषाणू शोधणारे स्मिथबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील ठिकठिकाणच्या लोकांच्या रक्ताची तपासणी केली. रक्तात कोणत्या विषाणूंविरुद्ध प्रतिपिंडे आहेत हे पाहायचे होते. नागपूर परिसरातील काही नमुन्यांत जपानी मेंदूज्वराच्या खुणा मिळाल्या. झिकासाठी तपासलेल्या १९६ नमुन्यांपैकी ३३ नमुन्यांत प्रतिपिंडे आढळली. तेव्हा झिका हे नाव युगांडातील एका जंगलापलीकडे फारसे कुणाला ठाऊक नव्हते. महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्ण नोंदला गेला तो जुलै २०२१मध्ये, पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात.

पण रक्ताच्या साक्षीला मर्यादा असते. झिका, डेंग्यू, जपानी मेंदूज्वर हे विषाणू एकमेकांचे भाऊबंद. एकाविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्यालाही ओळख देते. शिवाय विषाणू येऊन गेला एवढेच रक्त सांगते. त्याला कुणी आणले, हे सांगत नाही. त्यासाठी जंगलात आणि गोठ्यात जावे लागते.

तिथे गेल्यावर अपेक्षा किती वेळा चुकतात, हेही या केंद्राने पाहिले. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली, आसपासच्या गावांतील माणसेही तापाने दगावली. दक्षिण अमेरिकेत माकडांचे असे मरण म्हणजे पीतज्वराची वर्दी. सगळ्यांना डासाचा संशय. पुण्याच्या चमूला विषाणू सापडला तो मात्र रशियातील मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग निघाला, आणि त्याचा वाहक डास नव्हता, गोचीड होती. तोच माकडताप २०१६ साली आपल्या दोडामार्गात येऊन पोहोचला.

१९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ आली. त्या साथीत चिकुनगुन्याचा विषाणू मिळालाच, पण दोन रुग्णांच्या रक्तात एक अगदी नवा विषाणू सापडला. त्याला वस्तीवरून चांदीपुरा हे नाव मिळाले. याचाही वाहक डास असेल असे वाटणे साहजिक होते. काही वर्षांतच तो विषाणू औरंगाबाद जिल्ह्यात पकडलेल्या सँडफ्लाय माश्यांत सापडला. ही माशी डासाहूनही लहान, भिंतींच्या भेगांत राहणारी. पिंप ओतून तिचे काहीही बिघडत नाही.

साक्षीपुराव्याचे नियम

मग एखाद्या प्रजातीला 'वाहक' ठरवायचे कसे? हे काम बरेचसे न्यायालयातील खटल्यासारखे आहे. साथीच्या ठिकाणी तो डास हजर होता, एवढ्याने गुन्हा सिद्ध होत नाही. हजर तर डझनभर प्रजाती असतात.

पहिला प्रश्न, तो माणसाला चावतो का? काही प्रजातींना गाय-म्हैस प्रिय, काहींना पक्षी. डासाच्या पोटातील रक्त कोणत्या प्राण्याचे आहे, हे प्रयोगशाळेत ओळखता येते. दुसरा प्रश्न, बाहेर पकडलेल्या डासांत तो विषाणू पुन्हा पुन्हा सापडतो का? तिसरा, प्रयोगशाळेत दूषित रक्त पाजल्यावर विषाणू त्याच्या अंगात वाढतो का? आणि चौथा, सर्वांत निर्णायक: तो डास पुढच्या प्राण्याला चावला की विषाणू त्या प्राण्यात उतरतो का?

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांमधले अंतर मोठे आहे. डासाने विषाणू गिळला म्हणजे तो वाहक झाला असे नाही. विषाणूला आधी जठराच्या भिंतीत शिरावे लागते, तिथून शरीरभर पसरावे लागते, आणि शेवटी लाळग्रंथीत पोहोचावे लागते. या वाटेत कुठेही नाके बंद असेल तर रक्ताबरोबर विषाणूही पचून जातो. ही वाटचाल पुरी व्हायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. फिनले यांनी न पाहिलेले दिवस ते हेच.

हे सारे कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात कुणी तरी संध्याकाळी गोठ्यात, घरात, पडद्यांमागे, टांगलेल्या कपड्यांत शोधत, रबरी नळीने हलकेच ओढून एकेक डास काचेच्या नळीत घ्यायचा असतो. मग त्यांना थंडाव्याने निपचित करून, भिंगाखाली पाय, सोंड, पंखांवरचे खवले पाहून प्रजातीवार वेगळे करायचे. एका प्रजातीच्या पन्नासएक माद्या एकत्र वाटायच्या, आणि तो अर्क नवजात उंदरांच्या पिल्लांना टोचायचा. पिल्ले आजारी पडली तर विषाणू आहे. इथे वर्गीकरणात चूक झाली, वेगळ्या प्रजातीची एक मादी जरी त्या गटात मिसळली, तरी आरोप भलत्याच्या माथी.

विष्णू आणि तोतया विष्णू

ही चूक किती सहज होऊ शकते, ते जपानी मेंदूज्वराच्या डासाने दाखवले. योगायोगाने त्या डासाचे नाव आमच्या विठ्ठलवाडीला शोभणारे आहे. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ थिओबाल्ड यांनी १९०१ साली भाताच्या खाचरांत वाढणाऱ्या एका डासाला क्युलेक्स विष्णुई असे नाव दिले. चक्क विष्णू! त्याच सालच्या एका जुळ्या भावाचे नाव क्युलेक्स ट्रायटिनिओरिंकस. विषाणू सापडत होता तो 'विष्णुई गटा'त, आणि गटातील सभासद दिसायला इतके सारखे की जुन्या नोंदींत कोण कोणता, हे सांगणे कठीण.

१९५७ साली कॉलेस यांनी या गटाची नव्याने तपासणी केली आणि विष्णुईसारखीच दिसणारी आणखी एक वेगळी प्रजाती बाजूला काढली. तिचे नाव क्युलेक्स स्युडोविष्णुई, म्हणजे तोतया विष्णू. आपल्या पुराणांत शंखचक्र धारण करून 'खरा वासुदेव मीच' म्हणणारा पौंड्रक आहेच. डासांतही तो निघाला.

हा केवळ नावांचा खेळ नव्हता. हे डास मुख्यतः गुराढोरांना चावतात. विषाणूची वाढ होते ती डुकरांत आणि बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत. माणूस मधेच सापडतो. म्हणून विदर्भाच्या भातपट्ट्यातील मेंदूज्वराचा प्रश्न पिंपाचा नाही. तो खाचरांचा आहे, गावालगतच्या डुकरांचा आहे आणि मुलांच्या लसीकरणाचा आहे. डास बदलला की उपायाचा पत्ताच बदलतो.

बार्शी ते यवत

१९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली. 'चिकुनगुन्या' हा शब्द आफ्रिकेतील माकोंडे भाषेतला, अर्थ साधारण 'जे वाकवते ते'. १९५२च्या टांगानिकातील साथीने तो जगाला दिला. बार्शीत सुमारे ३७ टक्के लोक या तापाने वाकले. पुण्याच्या केंद्राने या साथीचा तपशीलवार अभ्यास केला. वाहक तोच, घरातील साठवणीच्या पाण्यात वाढणारा एडीस इजिप्ती.

सालाकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटते. महाराष्ट्राच्या त्या भीषण दुष्काळाची १९७२-७३ ही वर्षे. ज्या मुलखात पाणी नाही त्या मुलखात पाण्याचा डास माजावा, हे वरवर विचित्र वाटते. पण नळ आटला की रांजण वाढतात, हौद भरून ठेवले जातात, आणि तळाचे पाणी दिवसेंदिवस उपसले जात नाही. एडीसची मादी नेमकी अशाच भांड्याच्या ओलसर कडेला अंडी घालते. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी चढले की फुटतात. दुष्काळ आणि बार्शीची साथ यांचा धागा मी माझ्या अनुमानाने जोडतो आहे. मात्र साठवणीचे पाणी आणि एडीस यांचे नाते अनुमानाचे नाही.

बार्शीनंतर चिकुनगुन्या भारतातून जणू नाहीसा झाला. डॉक्टरांची एक पिढी त्याचे नाव पाठ्यपुस्तकात वाचूनच मोठी झाली. मग २००५च्या अखेरीस तो परतला आणि २००६मध्ये देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. सांधे धरून बसलेली माणसे आमच्या चाळीतही होती. एवढी वर्षे हा विषाणू होता कुठे?

उत्तराचा एक तुकडा पुण्यात आधीच जमा होता. पुणे-सोलापूर रस्त्यावरील यवत इथे २००० साली पकडलेल्या एडीस इजिप्ती डासांत एनआयव्हीच्या संशोधकांना चिकुनगुन्याचा विषाणू मिळाला होता, आणि २००१ साली तो शोधनिबंध प्रसिद्धही झाला होता. २००६च्या साथीनंतर जुन्या-नव्या विषाणूंची जनुकीय तुलना झाली. १९६३ ते १९७३ या काळातील, म्हणजे कोलकाता, नागपूर, बार्शीच्या काळातील विषाणू आशियाई घराण्याचे होते. २००६चा विषाणू आफ्रिकी घराण्याचा निघाला. आणि यवतचा? तोही आफ्रिकी घराण्याचा. म्हणजे जुना पाहुणा परतलाच नव्हता. दुसराच कुणी आला होता, आणि साथीचा गाजावाजा होण्याच्या पाच वर्षे आधी तो पुण्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर एका डासाच्या अंगात होता.

साथ नसताना, कुणी मागितले नसताना, एका गावात डास पकडून त्यांची प्रजाती लावणे आणि विषाणू शोधणे हे काम बिनमहत्त्वाचे वाटू शकते. यवतने त्याची किंमत दाखवली.

नाव कायमचे नसते

या कहाणीला आणखी एक वळण आहे. एडीस इजिप्तीचा एक भाऊ आहे, एडीस अल्बोपिक्टस. वीणेची नक्षी नाही. पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ, कपाळावर उभे गंध लावावे तशी. हा बागांतला, झाडीतला डास. पूर्वी चिकुनगुन्याच्या साथींत त्याचे स्थान दुय्यम. २००५-०६मध्ये हिंदी महासागरातील रेयुनियन बेटावर विषाणूच्या आवरणातील एक अमिनो आम्ल बदलले, आणि त्या एका बदलाने तो अल्बोपिक्टसच्या जठरात कितीतरी सहज शिरू लागला. पुढे २००७पासून केरळातही तोच बदल दिसला. तिथे रबराच्या मळ्यांत चीक गोळा करायच्या वाट्यांत साचणारे पाणी या डासाला आयतेच मिळाले.

म्हणजे वाहकाचा निकाल एकदा लागला की कायमचा लागला, असे नाही. विषाणू बदलतो, जंगल तुटते, शहर वाढते, आणि खटला पुन्हा उभा राहतो. त्यासाठी डास ओळखणारी माणसे लागतात. जनुकीय यंत्रे आता भराभर उत्तर देतात. पण कुणी तरी तो डास योग्य जागी, योग्य वेळी पकडून योग्य नावाच्या नळीत ठेवलेला असावा लागतो.

पुन्हा पिंपापाशी

आता त्या कर्मचाऱ्याचे वाक्य मला वेगळे ऐकू येते. तो बरोबर होता. नाल्यातील डास क्युलेक्स, हत्तीरोगाचा वाहक, झोपमोड करणारा. डेंग्यूसाठी मात्र तो निर्दोष. आमच्या पिंपाच्या कडेला वळवळणाऱ्या अळ्याच खऱ्या धोक्याच्या होत्या. आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतली कड घासणे, घट्ट झाकण लावणे, हा उपाय शंभर वर्षांच्या साक्षीपुराव्यातून आलेला आहे. तो टाळू नये.

पण आईचेही पूर्ण चुकले नव्हते. डासाचे नाव कळले की दोष पिंपाच्या मालकिणीकडे जातो, आणि पिंप दारात का आले हा प्रश्न मागे पडतो. पाणी रोज, भरवशाने आले असते तर आईने ते चार-चार दिवस साठवले नसते. भरलेले पिंप ओतून द्या, असे ज्याच्या नळाला उद्या पाणी येणार आहे त्यालाच सहज सांगता येते. विज्ञानाने गुन्हेगाराचे नाव सांगितले. त्याला आसरा कुणी दिला, याची चौकशी त्या नावापाशी थांबू नये. बार्शीचे रांजण आणि विठ्ठलवाडीचे पिंप यांच्यामध्ये काही दशकांचे अंतर आहे. डास तोच आहे, आणि पाण्याची वाट पाहणेही तेच.

आईने त्या दिवशी कुरकुरत अर्धे पिंप मोरीत ओतले, अर्धे जुन्या धोतराच्या फडक्यातून बादल्यांत गाळून घेतले. फडक्यावर अळ्या राहिल्या. ते तिने उन्हात झटकले आणि म्हणाली, "नाव काही का असेना मेल्याचं, पाणी मात्र वाया गेलं."